ऊसतोडीला निघालेल्या लेकरांच्या पिशवीत सात रंग

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा पंधरवड्यावर आला आहे. बीड जिल्ह्याच्या आमच्या डोंगरपट्ट्यात या दिवसांत दोन तयाऱ्या एकाच वेळी चालू असतात. तालुक्याच्या गावी बालवर्गांमध्ये दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ छापून तयार होत असतो, आणि वाड्या-तांड्यांवर मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी भांडीकुंडी, शेरडे, पत्र्याची पेटी आणि तीन-चार वर्षांची लेकरे घेऊन फडावर निघण्याच्या बेतात असतात. दोन्हीकडची मुले एकाच वयाची असतात, परंतु एकाची सुट्टी पंधरा-वीस दिवसांची असते आणि दुसऱ्याची थेट पाडव्यापर्यंतची. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून मी अठ्ठावीस वर्षे काम केले आहे. सण, सुट्टी आणि रंग यांच्या आधाराने लहान मुलांना काय शिकवता येते, आणि ते सध्या कसे शिकवले जाते, याविषयी आपल्या दैनिकातून काही मांडावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी घरचाच अनुभव सांगते. माझी नात तालुक्याच्या गावातील एका खासगी बालवर्गात जाते. गेल्या पावसाळ्यात तेथे ‘रेनबो डे’ साजरा झाला. सात गट पाडून प्रत्येक गटाला एक रंग देण्यात आला आणि त्या रंगाचा पोशाख घालून येणे सक्तीचे होते. नातीच्या वाट्याला ‘इंडिगो’ आला. हा रंग कोणता, हे आमच्या घरात कोणालाच ठामपणे सांगता येईना. दुकानदाराने गडद निळा झगा काढून दिला, तो घालून ती गेली, तिचे छायाचित्र पालकांच्या गटावर आले आणि कार्यक्रम संपला. संध्याकाळी मी तिला विचारले, “इंद्रधनुष्य कसं असतं गं?” ती म्हणाली, “फुग्यांचं असतं. फाटकाला बांधतात.” तिचे काहीच चुकले नव्हते, कारण तिला दाखवलेले इंद्रधनुष्य तेवढेच होते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र तिला एक ते पन्नास अंक पाच वेळा लिहून आणण्याचा गृहपाठ मिळाला. तेव्हा तिचे वय होते चार वर्षे दोन महिने.

ज्या गोष्टीसाठी त्या शाळेने फुगे आणि झगे आणवले, ती गोष्ट मराठी भाषेत कधीपासून तयार पडली आहे. ‘तानापिहिनिपाजा’ हा शब्द आपण सर्वांनीच घोकला आहे, परंतु तो उलगडून पाहिलेला नसतो. तांबडा हा शब्द तांब्यावरून आला, नारिंगी नारिंगावरून, पारवा पारव्यावरून आणि जांभळा जांभळावरून. म्हणजे सातांपैकी चार रंगांच्या नावातच ती वस्तू बसलेली आहे, आणि लहान मुलाला रंग हा आधी वस्तूतच दिसतो, वस्तूपासून सुटा असा तो पुष्कळ उशिरा कळतो. ज्या ‘इंडिगो’साठी आम्ही बाजार पालथा घातला, त्या रंगाला नाव देणारा पक्षी गावातल्या पडक्या बारवेत आणि देवळाच्या शिखरावर रोज घुमत बसलेला असतो. प्रिझममधून दिसणारी ती पट्टी आणि पारव्याची मान हुबेहूब जुळतात, असे मी म्हणणार नाही. निळा आणि जांभळा यांच्या मधली ही पट्टी मोठ्या माणसांनाही वेगळी काढता येत नाही. न्यूटनने सात हा आकडा धरला तो संगीतातील सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून, हे लक्षात घेतले, तर एखाद्या मुलाने आकाशाकडे पाहून पाचच रंग मोजले, तरी त्याला कोणी खोडून काढू नये. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी मोजले, यालाच अधिक मोल आहे.

अंगणवाडीत खरे इंद्रधनुष्य दाखवण्यात एक अडचण आहे आणि ती मजेची आहे. सूर्य क्षितिजापासून सुमारे 42 अंशांपेक्षा वर असला, की जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला आकाशात इंद्रधनुष्य दिसत नाही. आपल्या भागात पावसाळ्यात सकाळी नऊ-सव्वानऊपासून दुपारी साधारण साडेतीनपर्यंत सूर्य त्याहून वरच असतो, म्हणजे अंगणवाडी भरते त्या जवळजवळ सगळ्या वेळात इंद्रधनुष्य सुट्टीवर असते. ते दिसते ते सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला, सूर्याकडे पाठ करून पाहिले तरच. त्यामुळे मी सेविकांना सांगत असे, की परतीच्या पावसात संध्याकाळी ऊन-पाऊस एकदम आला, पोरे ‘कोल्ह्याचं लगीन’ म्हणून ओरडू लागली, की आयांनी त्यांना सूर्याकडे पाठ करून उभे करावे, हा निरोप गृहभेटीतच देऊन ठेवा. अंगणवाडीच्या वेळेत ते करून दाखवावे लागते. ओट्यावर उन्हाकडे पाठ करून उभे राहायचे, मदतनीसताईंनी बारीक छिद्रे पाडलेल्या बाटलीतून खाली अंगणाकडे पाण्याचा फवारा मारायचा, आणि मुलांनी वर न बघता खाली फवाऱ्यात बघायचे. दुसरा उपाय परातीचा. परातीत पाणी घेऊन त्यात आरसा तिरपा ठेवला, की भिंतीवर सात रंगांचा पट्टा पडतो. हात लावला की पाणी हलते आणि रंग थरथरतात. आरशातला सूर्य मात्र मुलांनी पाहायचा नाही, भिंतच पाहायची, एवढी काळजी घ्यावी लागते. एका तांड्यावरच्या अंगणवाडीत हा पट्टा पाहून एका मुलाने तो पकडायला भिंतीला मूठ लावली आणि रंग आपल्या हातावर आल्याचे पाहून तो घाबरून रडला. त्या दिवशी त्या वर्गाला रंग शिकवण्याची वेगळी गरज उरली नाही.

रंगांची नावे शिकवण्याचाही एक क्रम आहे, आणि घाईमुळे तो बहुतेक ठिकाणी उलटा होतो. सेविका किंवा बाई एकदम विचारतात, “हा कोणता रंग?” हा प्रश्न खरे तर शेवटचा आहे. मूल आधी सारख्या रंगाच्या दोन वस्तू जुळवते, त्याला नाव लागत नाही. मग “हा तांबडा” असे सांगत ओळख करून द्यावी. मग “तांबडा दे” म्हटल्यावर ते उचलून देते, आणि हे कितीतरी वेळा झाल्यावर एक दिवस ते स्वतःच्या तोंडाने नाव सांगते. मॉन्टेसोरी पद्धतीत या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्याकडे आणताना परदेशी साधनांच्या जागी परिसरातील वस्तू वापरल्या. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाडला मुलांच्या अंगणातच वर्ग भरवला, त्यातून अंगणवाडी हा शब्द आला, आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तो देशभर गेला. पाने, बिया, शिंपले, माती ही ज्यांची साधने होती, त्यांच्या महाराष्ट्रात आज बालवर्गाच्या भिंतीला थर्माकोलचे ढग डकवले जातात, हे पाहून वाईट वाटते. 2022 मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी ठरलेले पाठ्यपुस्तकच नसावे, शिक्षण खेळातून आणि घरच्या भाषेतून व्हावे, असे स्पष्ट म्हटले आहे. माझ्या नातीच्या दप्तरात चार पुस्तके आहेत.

आता सणांविषयी. मराठवाड्यातले सण लहान मुलांच्या हातांसाठीच योजले आहेत की काय, असे वाटावे इतके त्यांत करण्यासारखे असते. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणे हा बोटांचा व्यायाम कोणत्याही छापील रेघोट्यांपेक्षा चांगला आहे. माती मळावी लागते, चार पाय सारख्या उंचीचे करावे लागतात, नाहीतर बैल कलंडतो. शिंगांना एक रंग, झुलीला दुसरा, हे मूल स्वतः ठरवते. लातूर, धाराशिव आणि आमच्या अंबाजोगाईकडे वेळ अमावास्येला शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, करून पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात. पाच ही संख्या शिकवण्यासाठी याहून भक्कम साधन मला सापडले नाही, कारण एक दगड कमी पडला तर मूलच ओरडते. त्या दिवशीच्या भज्जी या भाजीसाठी तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे निवडताना वर्गीकरण आपोआप होते. फक्त दाणे तीन वर्षांच्या मुलापुढे एकटे टाकून कोणी उठून जाऊ नये. नाकात हरभरा घातलेली दोन मुले मी माझ्या नोकरीत दवाखान्यात नेली आहेत. त्याऐवजी लहान मुलांना मक्याची सोललेली कणसे, करवंट्या आणि बाटल्यांची मोठी झाकणे द्यावीत.

शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो. त्याची फुले रात्रभर भिजवून उकळली की केशरी-पिवळा रंग निघतो, आणि फुलापासून रंगापर्यंतचा हा सगळा प्रवास मुलाला पाहता येतो. पुडीतल्या रंगात तो दिसत नाही. हळदीचीही एक गंमत दाखवता येते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या पांढऱ्या चिंधीवर साबणाच्या पाण्याचे बोट फिरवले की पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. जुन्या बायका हळदीला चुना लावून कुंकू करत, ते याच गुणामुळे. चुना मुलांच्या हाती देऊ नये, साबणाने तेच होते.

येथे थोडे विषयांतर करते, पण ते रंगांचेच आहे. आपल्या भागात रंगांना माणसांनी वाटून घेतले आहे. भगवा कोणाचा, हिरवा कोणाचा, निळा कोणाचा, हे चार वर्षांच्या मुलांनाही घरातल्या बोलण्यावरून कळू लागले आहे. एका अंगणवाडीत चित्र रंगवताना एका मुलीने पोपटाला हिरवा रंग द्यायला नकार दिला, कारण काय, तर “तो आपला नाही”. तिला समजावायला सेविकेला शब्द सुचेनात. शेवटी तिने मुलीला बाहेर नेऊन लिंबाचे झाड दाखवले आणि विचारले, “मग हे कोणाचं?” रमजान ईदची शेवयांची वाटी, 14 एप्रिलची निळी पताका, तुळजापूरहून आलेल्या परडीतले कुंकू, दसऱ्याचा झेंडू, हे सगळे एकाच वर्षात एकाच खोलीत आणता येते, आणि सरकारी अंगणवाडी हीच आज गावातली अशी खोली उरली आहे जिथे सर्व घरांची मुले एका ताटाच्या रांगेत बसतात. खासगी बालवर्गांना ही सोय नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्या मुलांकडे येते. वर सांगितलेल्या सणांपैकी पोळा आणि दसरा सोडले, तर दिवाळी, वेळ अमावास्या, संक्रांत, होळी, रंगपंचमी हे सगळे ऊसतोड कामगारांच्या मुलांना उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या कोपीत काढावे लागतात. अंगणवाडीच्या वर्षातला भरगच्च भाग त्यांच्या वाट्याला येतच नाही. शाळेत जाणाऱ्या भावंडांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, ती पुरेशी आहेत की नाहीत हा वेगळा विषय, पण तीन वर्षांचे मूल वसतिगृहात राहू शकत नाही, ते आईबरोबरच जाणार. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे लागू होतो, त्यामुळे या मुलांची गैरहजेरी शाळाबाह्य म्हणूनही कोठे मोजली जात नाही. फडाजवळच्या गावात अंगणवाडी असते, पण कोपी गावापासून लांब, शिवारात असतात, आई पहाटे अंधारात तोडीला जाते आणि मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. कागदावर सोय असणे आणि लेकरू तेथे पोचणे यांत एवढे अंतर आहे.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी आणि माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, चार सेविकांनी एक लहानसा प्रयोग केला होता. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या. शिंप्याकडून चिंध्या आणून सात रंगांचे प्रत्येकी दोन, असे चौदा चौकोनी तुकडे प्रत्येक पिशवीत घातले, म्हणजे जोड्या जुळवता याव्यात. सोबत जाड खडू, पाटी, गाठी मारलेली एक दोरी, आणि अक्षर नसलेले एक चित्रपत्रक दिले. पत्रकावर पाच सणांची पाच चित्रे होती: पणती, पाच दगडांची कोप, तिळाचा लाडू, पळसाचे फूल आणि गुढी. आई निरक्षर असली तरी अमावास्या-संक्रांत तिला बरोबर ठाऊक असते, म्हणून तारखा घातल्याच नाहीत. प्रत्येक चित्राखाली त्या सणाला करायचा एक खेळ चित्रातूनच दाखवला होता. दिवाळीला चिखलाच्या पणत्या करून मोजायच्या, वेळ अमावास्येला पाच दगड मांडायचे, संक्रांतीला तिळासारखे लहान आणि लाडवासारखे मोठे काय काय दिसते ते शोधायचे, असे ते खेळ होते. फडावर साधनांची वाण नसते. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, हिरवे, पाचट पिवळे, उसाच्या काही जातींची कांडी जांभळट, गाडीच्या बैलांची शिंगे रंगवलेली, आणि आई मोळ्या बांधते त्या मोजायला. फक्त कोणीतरी त्या बहिणीला हे सांगायला हवे होते, म्हणून पिशवी आईच्या नव्हे, बहिणीच्या हाती दिली आणि निघण्याआधी तिलाच दोन दिवस अंगणवाडीत बसवून खेळ शिकवले.

अकरा मुले पिशव्या घेऊन गेली. पाडव्यानंतर परत आली तेव्हा सात पिशव्या उरल्या होत्या. एका पिशवीतल्या चिंध्या कोपीला ठिगळ म्हणून लागल्या होत्या आणि त्याबद्दल मला काही वाईट वाटले नाही. पाच मुलांना सातही तुकडे नावाने उचलता आले. एका मुलीने ‘पारवा’ म्हटल्यावर तुकडा उचलला नाही, ती दारात जाऊन वर पाहू लागली. अकरा मुलांवरून काही सिद्ध होते असा माझा दावा नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले, दोन सेविकांच्या बदल्या झाल्या आणि उरलेल्या दोघी पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर माहिती भरण्यात गुंतल्या, तेव्हा तो प्रयोग तेथेच थांबला.

महिला व बालविकास विभागाकडे माझी मागणी मोठी नाही. लसीकरणाच्या मोहिमेमुळे ‘मिशन इंद्रधनुष्य’ हे शब्द 2014 च्या अखेरीपासून प्रत्येक सेविकेच्या तोंडी बसले आहेत, आणि स्थलांतरित कुटुंबातले एकही बाळ लसीवाचून सुटू नये म्हणून फडावर, वीटभट्टीवर जाऊन यादी करण्याची सवय यंत्रणेला आहे. त्याच यादीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना निघण्यापूर्वी अशी एक पिशवी मिळावी. तिचे साहित्य राज्यस्तरावर निविदा काढून खरेदी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण मग प्लास्टिकचे ठोकळे येतील आणि तेही संक्रांतीनंतर. सेविकेला किरकोळ खर्चाची मुभा द्यावी, गावातल्या शिंप्याच्या चिंध्यांना पैसे पडत नाहीत. पाच सणांना सेविकेने त्या कुटुंबाला एक फोन करावा आणि तो तिच्या गृहभेटींत धरला जावा, नाहीतर हे काम तिच्या डोक्यावर बिनहिशेबी चढेल. साखर कारखान्यांनीही गाळप हंगामात आपल्या क्षेत्रातील अंगणवाडी सेविकेला कोपींपर्यंत जाण्यासाठी आठवड्यातून एकदा वाहन दिले, तर त्यांना ते जड जाऊ नये.

खासगी बालवर्ग चालवणाऱ्यांना सांगणे एवढेच, की या दिवाळीत पन्नास अंकांचा गृहपाठ देण्याऐवजी मुलांना आजोळच्या परसातून सात रंगांच्या सात वस्तू गोळा करून आणायला सांगावे. पालकांचा झग्याचा खर्चही वाचेल.

यंदा आमच्या गल्लीतून तीन घरे कर्नाटकात तोडीला निघाली आहेत. त्यांच्या लेकरांसाठी पिशव्या शिवून झाल्या आहेत. नारिंगी रंगाची चिंधी तेवढी मिळायची आहे, ती दसऱ्याच्या आत मिळाली नाही तर झेंडूची फुले वाळवून घालणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, ता. धारूर, जि. बीड